चाळीस वर्षांपूर्वी घरी बांधलेले टीटीएल घड्याळ: फक्त दुरुस्त करावे की सुधारावेही? (चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

जुनीतार

१९८३ साली, मी सतरा वर्षांचा असताना, सहा अंकी डिजिटल घड्याळ टीटीएल (पाच व्होल्टवर चालणाऱ्या, ७४ मालिकेच्या) आयसींनी घरी बांधले होते. ते साधारण नऊ वर्षे चालले, मग बिघडले, आणि पुढे कधीतरी दुरुस्त करू म्हणून पेटीत ठेवले ते आता बाहेर निघाले आहे. आराखड्याचा कागद कधीच हरवला. मात्र पीसीबी (सुटे भाग बसवायची पाटी) एकाच बाजूला तांबे असलेली आहे, त्यामुळे तांब्याच्या बाजूचे छायाचित्र काढून, ते आरशातल्यासारखे उलटवून आणि सुट्या भागांच्या बाजूच्या छायाचित्रावर ठेवून मी दोन संध्याकाळींत संपूर्ण जोडणी पुन्हा कागदावर उतरवली. पट्ट्या नेलपॉलिशने रंगवून फेरिक क्लोराईडमध्ये खोदलेल्या असल्याने त्या सरळ नाहीत, पण वाचता येतात.

रचना त्या काळी सर्रास असे तशीच आहे. ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोडचा ब्रिज, २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ७८०५ (स्थिर पाच व्होल्ट देणारा आयसी). ट्रान्सफॉर्मरच्याच एका टोकावरून घेतलेली ५० हर्ट्झची लहर रेझिस्टर आणि ४.७ व्होल्टच्या झेनर डायोडमधून थेट पहिल्या ७४९० या काउंटरमध्ये, म्हणजे ठोके मोजणाऱ्या आयसीमध्ये, जाते. तो ५ ने भागतो, दुसरा १० ने भागतो, आणि सेकंदाला एक ठोका मिळतो. पुढे सेकंद, मिनिटे आणि तास यांच्यासाठी आणखी सहा ७४९० आहेत, प्रत्येकापुढे एक ७४४७ (मोजणीचे अंकाच्या रेषांत रूपांतर करणारा आयसी) आणि एक कॉमन ॲनोड (सर्व रेषांचे धन टोक सामाईक असलेला) डिस्प्ले आहे. सर्व आयसी बेसमध्ये (सॉकेटमध्ये) बसवलेले आहेत. रेझिस्टर वाचवण्यासाठी मी प्रत्येक सेगमेंटला (अंकाच्या रेषेला) वेगळा न लावता प्रत्येक डिस्प्लेच्या सामाईक टोकाला एकच १०० ओहमचा लावला होता, म्हणून या घड्याळात १ झगझगीत दिसतो आणि ८ मंद दिसतो.

घड्याळ बंद केले तेव्हाचे लक्षण मला स्पष्ट आठवते: तासांच्या एककाच्या जागी कायम ९ दिसत असे आणि वेळ लावायचे बटण दाबूनही तो हलत नसे. याखेरीज त्याला जन्मापासूनच एक खोड होती. घरातला पंखा किंवा पाण्याचा पंप चालू-बंद केला की ते अधूनमधून काही सेकंदांनी पुढे उडी मारत असे.

इतक्या वर्षांनी याला वीज देण्यापूर्वी काय काय तपासावे, आणि त्या नऊचा उगम कुठे असावा, हे जाणून घ्यायचे आहे. तिसरा प्रश्न तांत्रिक कमी आणि स्वभावाचा जास्त आहे: सतराव्या वर्षी केलेल्या चुका आज सुधाराव्यात, की त्या वस्तूचाच भाग मानून तशाच ठेवाव्यात?

सिरीजचा दिवा

सर्वांत आधी सर्व आयसी बेसमधून बाहेर काढा आणि प्रत्येकाची खाच कोणत्या दिशेला होती याचे छायाचित्र घेऊन ठेवा. या घड्याळाला खरा धोका जुन्या आयसींपासून नाही, तर जुन्या वीजपुरवठ्यापासून आहे. ७८०५ आतून शॉर्ट झालेला असेल तर त्याच्या मागचे दहा-अकरा व्होल्ट सरळ पुढे जातील, आणि ७४ मालिकेच्या आयसींची सहन करण्याची कमाल मर्यादा ७ व्होल्ट आहे. म्हणजे एका क्षणात चौदा आयसी गमावण्याची तयारी ठेवावी लागेल.

पुरवठा एकटाच तपासताना मुख्य विजेच्या वाटेत ४० किंवा ६० वॅटचा तारेचा दिवा सिरीजमध्ये घाला. दिवा क्षणभर उजळून विझल्यासारखा झाला तर ठीक. तो भरपूर प्रकाशत राहिला तर ट्रान्सफॉर्मर, ब्रिज किंवा कपॅसिटर शॉर्ट आहे असे समजून लगेच बंद करा. त्यानंतर दिवा काढून ७८०५ च्या पुढे ६.८ ओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर भार म्हणून लावा आणि किमान अर्धा तास पाच व्होल्टवर लक्ष ठेवा. रिकाम्या पुरवठ्याचे पाच व्होल्ट मोजून समाधान मानणे हा आपल्या छंदातला फार जुना आळस आहे.

कपॅसिटरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या आकड्यांवरून तो नवा असतानाही जेमतेम पुरत होता असे दिसते. एक ७४४७ साधारण ६४ मिलिअँपिअर घेतो आणि एक ७४९० सुमारे ३०. सहा आणि आठ नगांचे मिळून सव्वासहाशे होतात. त्यात डिस्प्लेचे १८० ते १९० मिळवले की एकूण ०.८ अँपिअर. ९ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचे शिखर १२.७ व्होल्ट, ब्रिजमधले दोन डायोड वजा जाता ११.३. ५० हर्ट्झवर पूर्ण लहर वापरली की दर १० मिलिसेकंदांनी कपॅसिटर भरला जातो, तेव्हा मधल्या काळातली घसरण ०.८ गुणिले ०.०१ भागिले ०.००२२, म्हणजे सुमारे ३.६ व्होल्ट. तळ ७.७ व्होल्टला लागतो, आणि ७८०५ ला बाहेर ५ देण्यासाठी आत निदान ७ हवेत. आतला द्रव सुकून हाच कपॅसिटर १००० मायक्रोफॅरडवर आला असेल तर घसरण ८ व्होल्टची होते आणि पाच व्होल्टची रेषा सेकंदातून शंभर वेळा कोसळते. त्या स्थितीत कोणताही काउंटर काहीही मोजू शकतो. तेथे ४७०० मायक्रोफॅरडचा नवा बसवावा. तो बदल कोणाच्या डोळ्यांना खुपणार नाही. ७८०५ मध्ये साधारण ४ वॅट उष्णता होणार, तेव्हा त्याची उष्णताशोषक पट्टीही एकदा पाहून घ्या.

अर्धवाहक

नऊचे कोडे मला पुरवठ्यापेक्षा वेगळे वाटते. तो दोष पुरवठ्याचा असता तर सगळेच अंक भरकटले असते. इथे एकच अंक अडकला आहे आणि तोही नेमका नऊवर.

७४९० मध्ये मोजणी शून्यावर आणणाऱ्या दोन पिन आहेत, २ आणि ३, आणि ती ९ वर नेणाऱ्याही दोन आहेत, ६ आणि ७. यांपैकी ६ आणि ७ या दोन्ही एकाच वेळी उच्च (शून्य व्होल्टऐवजी पाचाकडच्या) झाल्या की आतल्या मोजणीला काही अर्थ राहत नाही, शून्याच्या पिनांनाही राहत नाही. बाहेर ९ येतो आणि तसाच राहतो. आता टीटीएलचा स्वभाव असा की मोकळी सोडलेली इनपुट पिन उच्च असल्यासारखी वागते. म्हणून आपण या दोन पिन ग्राउंडला जोडतो, आणि ती जोडणी कुठे तुटली की आयसी निर्दोष असूनही बरोबर हेच लक्षण दिसते.

तपासणी सोपी आहे. वीजपुरवठा सुदृढ झाल्यावर त्या आयसीच्या पिन ६ आणि ७ वर मीटर लावा. शून्य आले तर माझा तर्क चुकला आणि आयसी बदलून पाहावा लागेल. दीड व्होल्टच्या आसपास आले तर पिन तरंगत आहेत. ७४९० चा पुरवठा इतर बहुतेक आयसींसारखा कोपऱ्यात नसून ५ व्होल्ट पिन ५ वर आणि ग्राउंड पिन १० वर असतो, हे मोजताना ध्यानात असू द्यावे. (माझ्या पहिल्या काउंटरला मी सवयीने १४ आणि ७ वर वीज दिली होती आणि तो मोजत का नाही म्हणून दोन दिवस आयसी विकणाऱ्याला दोष देत होतो.)

तासांचा दशक अंकही त्या वेळी गोठलेला असणार, कारण त्याला ठोका मिळतो तो एकक ९ वरून ० वर जाताना, आणि तो क्षण येतच नव्हता.

कोरीपाटी

सर्वांच्या परिश्रमांचा आदर ठेवून विचारतो: एवढे कशासाठी? आतली पाटी तशीच ठेवून एक छोटा मायक्रोकंट्रोलर (एका आयसीत मावणारा संगणक) बसवला तर डिस्प्ले तेच राहतील, अँपिअरभर विजेऐवजी तिचा एक अंश लागेल, आणि वेळही अचूक मिळेल. ते नको असेल तर निदान ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल आणि त्याची लहर भागत नेणारा ४०६० हा आयसी लावून मुख्य विजेच्या लहरीवरचे अवलंबन तरी संपवावे.

राळ

मायक्रोकंट्रोलर लावल्यावर जे उरेल ते जुन्या डब्यातले नवे घड्याळ असेल. ते वाईट नाही, पण प्रश्न त्या घड्याळाचा नाही.

क्रिस्टलची सूचना अधिक विचार करण्याजोगी आहे, फक्त तिच्यात एक मेख आहे. ४०६० मधून शेवटी २ हर्ट्झ मिळतात. त्याचा १ हर्ट्झ करायला नवा आयसी लागत नाही, कारण ५ ने भागणाऱ्या पहिल्या ७४९० मधला २ ने भागणारा अर्धा भाग रिकामाच पडून आहे. परंतु ५ व्होल्टवर चालणारा सीमॉस (टीटीएलहून वेगळ्या, कमी वीज घेणाऱ्या जातीचा) ४०६० मूळ ७४ मालिकेच्या इनपुटमधून बाहेर येणारा विद्युतप्रवाह खात्रीने खाली ओढू शकत नाही, म्हणून मध्ये एक ट्रान्झिस्टर हवाच. हे न केल्यास कधी चालते, कधी चालत नाही, आणि असा दोष शोधणे सर्वांत कंटाळवाणे.

शिवाय अचूकतेचा मुद्दा दिसतो तितका सरळ नाही. दशलक्षात २० भागांची चूक असलेला क्रिस्टल दिवसाला १.७ सेकंद एकाच दिशेने सरकत राहतो. मुख्य विजेची लहर घटकाभरात मागेपुढे होते, पण जिथे यंत्रणा तिची सरासरी सांभाळते तिथे महिनोन्महिने हिशेब जुळतो. जिथे सांभाळली जात नाही तिथे काय होते तेही पाहण्यासारखे आहे: २०१८ च्या जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या आरंभापर्यंत युरोप खंडातील जोडलेल्या वीजजाळ्याची सरासरी ४९.९९६ हर्ट्झवर उतरली होती, आणि एवढ्याशा फरकाने भिंतीवरची, ओव्हनमधली असंख्य घड्याळे जवळजवळ सहा मिनिटे मागे पडली. आपल्याकडच्या लहरीचा स्वभाव कसा आहे हे आपले घड्याळच महिनाभरात सांगेल.

पुढे उडी मारण्याच्या खोडीचे कारण मात्र लहरीत नसून आपल्या झेनरच्या जोडणीत आहे. झेनर साइन लहरीचा माथा छाटतो, पण तिचे चढणे-उतरणे टीटीएलच्या मानाने फार संथ राहते. उंबरठ्यापाशी रेंगाळणाऱ्या त्या कडेवर पंपाच्या मोटरचा एक काटा (विजेचा क्षणिक झटका) उमटला की ७४९० एका लहरीच्या दोन-तीन मोजतो. सेकंदाला ५० मोजण्या लागतात, म्हणजे काही सेकंदांच्या उडीसाठी शेकडो काटे हवेत. पंख्याच्या किंवा पंपाच्या बटणाच्या ठिणगीत तेवढे असतात, आणि त्यातले काही थेट पाच व्होल्टच्या रेषेतून पुढच्या काउंटरपर्यंतही पोहोचतात. त्यामुळे उपाय दोन ठिकाणी करावा लागेल. लहर १० किलोओहममधून एका साध्या एनपीएन ट्रान्झिस्टरच्या बेसला द्यावी, बेसवर ग्राउंडकडे ०.१ मायक्रोफॅरड आणि उलट्या अर्ध्या लहरीपासून बचावासाठी एक डायोड ठेवावा, आणि कलेक्टरवरून ७४१४ (संथ कडा धारदार करणारा आयसी) मार्गे ७४९० ला जावे. ७४१४ चढताना १.७ व्होल्टला आणि उतरताना ०.९ व्होल्टला पालटतो, त्यामुळे मधल्या कंपनांकडे तो लक्ष देत नाही. याशिवाय प्रत्येक आयसीजवळ पाच व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक लावावा. आपण लिहिलेल्या वर्णनात त्यांचा उल्लेखच नाही, आणि त्या वयात ते आम्ही कोणीच लावत नव्हतो.

आपल्या तिसऱ्या प्रश्नावर माझे मत असे, की जी चूक घड्याळाला खोटी वेळ सांगायला लावते ती सुधारावी आणि जी केवळ दिसते ती राहू द्यावी. एका रेझिस्टरमुळे उजळणारा १ आणि मंदावणारा ८ यांनी वेळ चुकत नाही. ७४४७ च्या ६ ला वरची आणि ९ ला खालची शेपटी नसते; ती हवी म्हणून कोणी ७४२४७ बसवू लागले तर मी त्यालाही विरोध करीन.

सिरीजचा दिवा

वरील मताशी सहमत आहे, पण एक भर घालतो. ७४एलएस९० आणि ७४एलएस४७ हे त्याच पिनांचे आयसी अनुक्रमे सुमारे ९ आणि ७ मिलिअँपिअरच घेतात, तेव्हा पुढे एखादा आयसी खरोखरच निकामी निघाला तर त्या जागी एलएस घालण्यास संकोच करू नये. सगळेच बदलण्याच्या मात्र मी विरुद्ध आहे. गरम होणे हाही त्या पिढीच्या आयसींचा गुण आहे.

जुनीतार

दोन आठवड्यांनी लिहीत आहे, विलंबाबद्दल क्षमस्व.

जुना कपॅसिटर काढून मोजला तर २२०० ऐवजी ११५० मायक्रोफॅरड भरला. ४७०० चा बसवला, ६.८ ओहमच्या भारावर ७८०५ तासभर ५.०२ व्होल्टवर स्थिर राहिला. मग एकेक करून आयसी बसवले. तासांचा एकक अपेक्षेप्रमाणे ९ वर उभा राहिला, आणि पिन ६ व ७ वर मीटरने १.५ व्होल्ट दाखवले. 'अर्धवाहक' यांचे निदान अक्षरशः खरे ठरले. त्या पिनांकडून ग्राउंडकडे जाणारी पट्टी आयसीच्या बेसखालून जाते, आणि तिथे मी त्या काळी हौसेने थापलेली सोल्डरिंग पेस्ट तशीच राहून गेली होती. तिने तांबे खात खात केसाएवढी फट पाडली होती. हिरवा थर खरवडून, स्पिरिटने धुऊन, तारेचा एक तुकडा मागून जोडला. आयसी मूळचाच आहे.

७४१४ चा भाग मी मुख्य पाटीला न छेडता वेगळ्या छोट्या तुकड्यावर केला आहे आणि एक जंपर ठेवला आहे, म्हणजे वाटले तर जुनी खोडही परत आणता येईल. सिरॅमिक कपॅसिटर तांब्याच्या बाजूने लावले. पंप तीस वेळा चालू-बंद केला, एकही सेकंद उडाला नाही. डिस्प्लेचे रेझिस्टर तसेच आहेत.

एक गंमत सांगायची राहिली. वीज देताना काउंटर शून्यावर आणण्याची कोणतीही सोय मी त्या वेळी केली नव्हती, त्यामुळे दुरुस्तीनंतर घड्याळाने सर्वप्रथम ७३ वाजून ४१ मिनिटे झाल्याचे सांगितले. मी बटण न दाबता बसून राहिलो. दशकातला २ चा बिट आणि एककातला ४ चा बिट दोन्ही उच्च झाले की तास शून्य व्हावेत, म्हणजे २४ ला दिवस बदलावा, अशी जोडणी आहे. आणि ७ मध्येही (४+२+१) २ चा बिट असतोच. एकोणीस मिनिटांनी ७४ वाजले आणि त्याच क्षणी तासांच्या जागी दोन शून्ये आली.