जाळीच्या पलीकडे: इंधन टाकीचा व्हेंट

छोट्या विमानाच्या इंधन टाकीत बाहेरची हवा येऊ देणारी नळी म्हणजे व्हेंट. तिच्या तोंडाला बारीक जाळी बसवली की ती तुंबण्याचा प्रश्न मिटला, असं काहीजण म्हणतात. जाळी हवी, पण तेवढ्यावर थांबू नका. कुंभारीण माशी जाळीवरच चिखल लिंपते, आणि बर्फ धरणाऱ्या ढगात तीच बारीक जाळी आधी बंद होते.

मला जास्त काळजी वाटते ती याची, की व्हेंट तुंबला तरी इंजिन लगेच थांबत नाही. पेट्रोल खेचलं जातं, त्याच्या जागी हवा येत नाही, टाकीतला दाब उतरत जातो. जमिनीवरचा रन-अप (उड्डाणाआधीची इंजिनची चाचणी) व्यवस्थित पार पडतो आणि पुरवठा तुटतो तो हवेत. पातळ पत्र्याची टाकी आत चेपलीही जाऊ शकते.

व्हॅन्स या अमेरिकन कंपनीच्या, सुटे भाग जोडून बांधायच्या आरव्ही विमानांत व्हेंटचं तोंड पोटाखाली असतं. वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही. म्हणून नळीला वरच्या बाजूला, माशी आणि बर्फ पोचणार नाही अशा आडोशाला, एक लहान पर्यायी छिद्र ठेवावं असं माझं ठाम मत आहे. मात्र केबिनमध्ये अजिबात नको, तिथे पेट्रोलची वाफ साचते. प्रत्येक टाकीला व्हेंटही स्वतंत्र द्या.

तपासणी सोपी आहे. टाकीचं झाकण काढा, व्हेंटला रबरी नळी लावून तोंडाने हलकेच फुंका. हवा अडखळता कामा नये. कॉम्प्रेसर लावू नका, टाकीचे सांधे उसवतील. विमान उभं असताना लाल फीत लावलेलं आवरण घाला, पण हवाबंद नको: उन्हात पेट्रोल प्रसरण पावतं.