प्रतिनिधित्व का चित्रण? (कुंग फू सिनेमावरच्या लेखासाठी)

गोदाकाठ, नांदेड
कॉलेजच्या वार्षिकांकासाठी 'द आइसमन कमेथ' या १९८९ च्या हाँगकाँगच्या सिनेमावर लिहायलेय. मिंग बादशहाचा पहारेकरी एका खुन्याच्या मागं लागतो, दोघं बर्फात गोठतात न् जागे होतात ते एकदम विसाव्या शतकातल्या हाँगकाँगात, तिथं पहारेकऱ्याला भेटते पॉली, धंदा करणारी बाई (मॅगी चेउंग). मी शीर्षकात 'राजकीय व सामाजिक प्रतिनिधित्व' लिहिलं, सरांनी खोडून 'चित्रण' केलं. म्हणे प्रतिनिधित्व आमदार-खासदार करतात. मला पटेना. पॉली नुसती दाखवलेली नाही, अख्ख्या शहराच्या वतीनं ती त्याच्याशी बोलतीय, आन् चित्रण म्हटलं की ते 'वतीनं' गळूनच जातं. काय ठेवू?

शुद्धलेखक, लातूर
सर बरोबर आहेत. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चा, तेव्हापासून शब्दाचा अर्थ पक्का झालाय. पॉलीला कुणी निवडून दिलं? 'सिनेमात आमचं प्रतिनिधित्व नाही' ही वाक्यं इंग्रजीत विचार करून लिहिलेली असतात. चित्रण हा स्वच्छ शब्द आहे, तोच ठेवा.

परभणीवाला
निवडून द्यायची अट कुठून आणली? प्रल्हाद निराजींना राजाराम महाराजांनी जिंजीला प्रतिनिधीपद दिलं, तिथं काय मतदान झालं होतं? यज्ञात सांगितलेली वस्तू मिळाली नाही तर तिच्याऐवजी जी घेतात तिलापण प्रतिनिधीच म्हणतात. दुसऱ्याच्या जागी उभा राहतो तो प्रतिनिधी, बास. आन् हाँगकाँगचंच घ्या, १९८४ ला इंग्लंड-चीनचा करार झाला, १९९७ ला शहर चीनकडं द्यायचं ठरलं, त्या बोलणीत तिथल्या लोकांना स्वतःची खुर्चीच नव्हती. कायदेमंडळात थेट मतदानानं पहिले सदस्य गेले १९९१ ला. म्हणजे हा सिनेमा थिएटरात लागला तेव्हा थेट निवडलेला एकपण सदस्य तिथं नव्हता. ताई, तुमचाच शब्द ठेवा, राजकीय म्हणताय तर तोच लागतो.

जुने मास्तर, बीड
आमचे वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले. ते प्रतिनिधी म्हणतच नसत, 'नुमाइंदा' म्हणत. नुमाइंदा, नुमाइश आन् आपला रोजचा नमुना, तिन्ही शब्द फारसीतल्या 'दाखवणे' या एकाच क्रियापदाचे. दाखवणाराच वतीनं उभा राहतो, ताईंना पाहिजेत ते दोन्ही अर्थ एका शब्दात आलेत बघा. मी तर म्हणतो नुमाइंदगी लिहा.

शुद्धलेखक, लातूर
मास्तर, मराठी वार्षिकांकात नुमाइंदगी? ज्या राजवटीत मराठीला शाळेत नि कचेरीत नीट जागा मिळत नव्हती तिचे शब्द आपण हौसेनं परत आणायचे?

जुने मास्तर, बीड
अर्ज, वकील, जमीन, तारीख, सरकार, हे काढून दिवसभर बोलून दाखवा बरं. रझाकारांची भीती आमच्या घरानं भोगलीय, तरी वडील शेवटपर्यंत उर्दू शेर म्हणायचे. शब्दाला राजवट चिकटत नसते.

मिलिंदनगर, जालना
चिकटते मास्तर. १९४८ ला भारताच्या फौजेनं निजामाचं राज्य संपवलं, त्याला आमची आजी 'पोलीस ॲक्शन' म्हणते, शाळेत १७ सप्टेंबरला 'मुक्तिसंग्राम दिन'. घटना एक, पण कोण बोलतंय ते शब्दावरून कळतं. मराठवाडा विद्यापीठाचंच बघा. १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला, बाबासाहेबांचं नाव लागलं १९९४ ला, मधल्या काळात आमच्या लोकांची घरं जळाली, माणसं गेली. कागदावर 'नामविस्तार' आलं, आमच्या तोंडी आजपण 'नामांतर'च आहे. ताई, तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर पडद्यावर आमचं चित्रण लई झालं, पिचलेले, रडणारे, दुसऱ्यानं येऊन वाचवलेले. आमच्या वतीनं आमचाच माणूस बोलतोय असं क्वचित घडतं. तो फरक सांगायला दोन शब्द लागतात, एक खोडू देऊ नका.

गोदाकाठ, नांदेड
दादा, हे लेखात घेऊ का? अजून एक अडलंय. खुनीपण त्याच मिंग काळातला, पण तो नव्या शहरात पटकन रुळतो, पहारेकरी अडखळत राहतो. मग जुन्या राजवटीचा प्रतिनिधी कुणाला म्हणायचं?

शुद्धलेखक, लातूर
घ्या, पण अधिकृत शब्द नामविस्तारच आहे. कारण जुनं 'मराठवाडा' नाव काढलं नाही, पुढं जोडलं. व्याकरणानं नामांतर म्हणजे नाव बदलणं.

मिलिंदनगर, जालना
व्याकरण आमच्यापाशी नका काढू. १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर या, हजारोंनी लोक येतात, एकाच्या तोंडून विस्तार ऐकला तर मला सांगा.

शुद्धलेखक, लातूर
येतो. पण मग सतरा सप्टेंबरला आजीला पोलीस ॲक्शन म्हणू द्यायचं का, तेपण सांगा.