मदत हवी आहे: विंडोजशेजारी लिनक्स मिंट, पार्टिशन कशी करू?

लॅपटॉपला २५६ जीबी एसएसडी, १ टीबी हार्ड डिस्क आणि ८ जीबी रॅम आहे. एसएसडीवर विंडोज ११ आहे, कामासाठी ते ठेवावंच लागणार. शेजारी मिंट (लिनक्सची एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायचंय.

बॅकअप घेतलाय, विंडोजचं बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्शन) आणि फास्ट स्टार्टअप बंद केलंय. विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह लहान करून ८० जीबी मोकळे केले; त्याहून जास्त ते सोडत नाही. मिंटचा पेन ड्राइव्ह यूईएफआय (नव्या पद्धतीच्या बूट) मोडमध्येच बूट केलाय, दोन्ही डिस्कवर पार्टिशनची नवी जीपीटी पद्धत आहे आणि इन्स्टॉलरला मोकळी जागा दिसते. पार्टिशन स्वतः ठरवायच्या 'समथिंग एल्स'च्या पानावर अडलोय.

सगळ्या ८० जीबीचं एकच रूट (सिस्टिमचं मुख्य पार्टिशन) करून होम (माझ्या फाइल्स नि सेटिंगची जागा) त्यातच ठेवू, की होम हार्ड डिस्कवर नेऊ? ती डिस्क एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) आहे आणि तिच्यावरचे फोटो विंडोजलाही लागतात, त्यामुळे पूर्ण फॉरमॅट नको. फार तर २०० जीबी कापून एक्स्ट४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) करता येतील. पण ब्राउझरची कॅशे नि प्रोग्रॅमच्या सेटिंग होममध्येच असतात. तेच फिरत्या डिस्कवर गेलं तर एसएसडीचा उपयोग काय, असं वाटतं. होम एसएसडीवर ठेवून फक्त डाउनलोड्स, व्हिडिओ वगैरे फोल्डर तिकडे जोडणं बरं पडेल का?

मिंट स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) आपणहून करतं, पण मला हायबरनेट (रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून लॅपटॉप बंद करणं) हवंय. त्यासाठी ८ जीबीचं वेगळं स्वॅप पार्टिशन पुरेल का? आणि विंडोजचं ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइल्सचं) जेमतेम १०० एमबीचं आहे. ग्रब (लिनक्सचा बूट लोडर) त्यातच टाकू की दुसरं ईएफआय पार्टिशन करू?