पहिल्या डीएसएलआरला दुसरी लेन्स कोणती? ५० घ्यावी की ५५-२५०?

तांबडी_माती
भाच्यानं पहिला डीएसएलआर घेतलाय. कॅनन १५००डी, सोबत १८-५५ ची किट लेन्स. लेन्स आणि बाकी सामानासाठी त्याच्या हातात अजून पंधरा हजार आहेत. दुकानदारानं त्याला कॉम्बो गळ्यात मारायचा घाट घातलाय: ५५-२५० ची झूम, काडीसारखा ट्रायपॉड, तीन फिल्टरांचा डबा आणि बॅग. पोरगं एवढं सामान बघून हरखलंय. माझं म्हणणं, यातलं काहीच घेऊ नये. ५० एमएम एफ/१.८ एसटीएम घ्यावी, एक चांगलं मेमरी कार्ड घ्यावं, आणि उरलेले पैसे खिशात ठेवावेत.

त्याला काय काढायचंय ते आधी बघा. पोरगं तालमीत जातंय, त्याला कुस्तीचे फोटो काढायचेत. पहाटे तालमीत उजेड तो किती? वरच्या झरोक्यातनं येईल तेवढा, आणि एखादी ट्यूब. एफचा आकडा जेवढा लहान तेवढं लेन्सचं तोंड जास्त उघडतं. किट लेन्स ५५ एमएमवर एफ/५.६ च्या पुढं उघडत नाही, ५० वाली एफ/१.८ पर्यंत उघडते. म्हणजे साडेनऊ पट जास्त उजेड. समजा एफ/१.८, शटर १/२५० सेकंद आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची ताकद, १६०० ला ठेवून फोटो नीट येतोय. तोच फोटो एफ/५.६ ला काढायचा तर आयएसओ साडेपंधरा हजारांच्या घरात न्यायला लागतोय. १५००डी चा आयएसओ ६४०० ला संपतो, ताणून ताणून १२८००. मग शटर हळू करा आणि डाव पडतेवेळी पैलवानाचा हात पुसट बघत बसा. तालमीत फ्लॅश मारला तर वस्ताद कॅमेऱ्यासकट उचलून बाहेर ठेवतील, आणि बरोबरच करतील. समोरच्याच्या डोळ्यांवर लखलखाट झाला आणि पकड सुटली तर मान मोडायची.

ज्या गावात बाबुराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला, त्या गावात आज पोरं कॉम्बो बघून लेन्स ठरवायला लागलीत. बोला आता.

पन्हाळ्याची_वाट
उजेडाचं गणित बरोबर हाय, पण चौकटीचं गणित कुठं गेलं? १५००डी चा सेन्सर लहान, २२.३ एमएम रुंद. त्यावर ५० ची लेन्स लावली की ती मोठ्या सेन्सरवरच्या ८० सारखी वागते, म्हणजे चौकट आवळते. हौद्यापासनं, म्हणजे कुस्तीच्या मातीपासनं, तीन मीटरवर उभारलास तर चौकटीत आडवी मावते जेमतेम १.३४ मीटर जागा. दोन पैलवान एकमेकांना भिडलेत, एकानं पट काढलाय, दुसरा त्याच्या पाठीवर आडवा पडलाय. हे सगळं १.३४ मीटरमध्ये बसवून दाखव. एकाचं डोकं कापलं जाईल नाहीतर दुसऱ्याचा पाय. मागं सरकायचं म्हटलं तर मागं भिंत.

आणि तालमीपलीकडं कोल्हापूर नाही काय? दसरा चौकात शाही दसऱ्याला दोरीच्या अलीकडं गर्दीत उभारून ५० नं काय काढणार, पुढच्या माणसाचा फेटा? रंकाळ्यावर पाखरं बसतात ती काय पोज द्यायला जवळ येतात? ५५-२५० म्हणजे या बॉडीवर ४०० पर्यंतची पोच. पोराचं वय काय, हौस काय! त्याला एकाच खोलीत कशाला कोंडतोस?

तांबडी_माती
४०० ची पोच हाय, पण लांबच्या टोकाला एफ/५.६. दसऱ्याला सोनं लुटायची वेळ म्हणजे सूर्य बुडायचा वक्त. २५० ला हातात धरून माणसं स्थिर यायची तर शटर निदान १/२५० पाहिजे. लेन्समधलं आयएस, म्हणजे स्थिर ठेवायची सोय, आपल्या हाताची थरथर आवरतंय, आपट्याच्या पानांवर झेप घेणाऱ्या माणसांना ते थांबवत नाही. तिथंही शेवटी आयएसओच उरावर बसतोय.

राजारामपुरी_नववी_गल्ली
दोघंही एका लेन्सवर अडून बसलाय. खोलीत काढायचं असेल तर कॅननची २४ एमएम एफ/२.८ एसटीएम बघा की. पॅनकेक म्हणतात तिला, बिस्किटाएवढी जाड. तीन मीटरवर पावणेतीन मीटरहून जास्त रुंदी मावते, आख्खी कुस्ती येते.

तांबडी_माती
२४ ची लेन्स मलाही आवडते. पण हिशोब कर. किट लेन्स २४ वर साधारण एफ/४ ला उघडते, ही एफ/२.८ ला. म्हणजे फक्त दुप्पट उजेड. साडेनऊ पट कुठं आणि दुप्पट कुठं! तेवढ्यासाठी एवढा पैसा का घालायचा?

पन्हाळ्याची_वाट
साडेनऊ पट, साडेनऊ पट! एफ/१.८ ला दोन मीटरवर फोकस किती खोल मिळतोय ते पण सांग की पोराला. सुमारे ११ सेंमी. पैलवानाचा कान स्पष्ट आला तर नाक पुसट. वर १५००डी ला फोकसचे बिंदू नऊच, त्यातला मधला तेवढा भरवशाचा. हलणाऱ्या माणसावर नवशिक्यानं एफ/१.८ ला काढलेल्या शंभर फोटोंत कामाचे किती निघतील? तो मग एफ/२.८ लाच येणार. तिथं आला की तुझे साडेनऊ पट चारपटीवर उतरले.

तांबडी_माती
चारपट पण चारपटच असते. किट लेन्सला ती कुठं मिळते? आणि ५० एफ/२.८ ला घेतली की कडेपर्यंत धारदार होते, ते वेगळंच. अकरा सेंमीचं म्हणशील तर तीच तर शिकायची गोष्ट आहे. फोकस कुठं लावायचा हे कळल्याशिवाय कॅमेरा हातात घेऊन उपयोग काय? बाकी १.३४ मीटरचा मुद्दा मात्र खरा. आख्खी कुस्ती ५० मध्ये मावणार नाही. मला आख्खी कुस्ती नकोच. मातीनं माखलेली मान, लंगोटाच्या पट्टीत अडकलेली बोटं, जोर मारताना ताणलेले खांदे, असं काढायचं असेल तर ५० सारखी लेन्स नाही.

पन्हाळ्याची_वाट
तुला नको, पण फोटो भाचा काढणाराय. त्याला इचारलंस?

गुळाची_ढेप
तुम्ही लोक लेन्सवर भांडताय आणि जूनमध्ये पाऊस लागला की जे होणार त्यावर एक शब्द नाही. कोल्हापूरचा पाऊस, महिनोन् महिने दमट हवा, आणि कॅमेरा कापडी बॅगेत कपाटात कोंबलेला. ऑगस्टमध्ये बॅग उघडून लेन्स उजेडाकडं धरली की काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसतात. ती बुरशी. काचेवरचा लेप खाते. वेळेत साफ झाली तर ठीक, नाहीतर लेपावर डाग कायमचा. मग ती ५० असो नाहीतर ५५-२५०.

पहिली खरेदी ही करा: रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिकचा डबा, छोटा आर्द्रता मीटर आणि सिलिका जेल. सगळं मिळून हजाराच्या आत बसतं. मीटरवर ४० ते ५० टक्के राहू द्या. त्याहून फार खाली न्यायचं नाही, रबर आणि वंगण वाळतं. नारंगी दाण्यांची सिलिका मागा. निळ्या दाण्यांत कोबाल्टचं रसायन असतं, ती स्वयंपाकाच्या तव्यावर तापवू नका. आणि कृपा करून डब्यात तांदूळ घालू नका. तांदळाची पूड लेन्सच्या खाचेत बसते, वर किड्यांना आमंत्रण.

तांबडी_माती
ताई, डबा घेतला समजा. पंधरा हजारांत तो पहिला.

वारणाकाठ
फिल्टर मात्र घेऊ द्या पोराला. यूव्ही फिल्टरचा डिजिटलवर काही उपयोग नाही म्हणतात, सेन्सरसमोर आधीच यूव्ही अडवणारी काच असते, हे बरोबर. पण जोतिबाच्या चैत्र यात्रेत कधी कॅमेरा घेऊन उभारलाय काय कुणी? सासनकाठ्या नाचायला लागल्या की गुलाल असा उडतो की पुढचं दिसत नाही. तिथं पुढच्या काचेवर काहीतरी पाहिजेच. नंतर ती काच रुमालानं घासायची नाही. आधी रबरी फुंकणीनं हवा मारायची, मग मऊ ब्रश, सगळ्यात शेवटी कापड. गुलालाचा कण कापडाखाली सापडला की ओरखडा ठरलेला.

आणि तिथं लेन्स बदलायची नाही. एकच लावून जायची. त्या दिवशी कुठली लावणार, ५० की ५५-२५०? माझं मत ५५-२५०.

गुळाची_ढेप
झूम फिरवताना पुढची नळी आतबाहेर होते, तेव्हा बाहेरची हवा आत ओढली जाते. गुलालात झूम फिरवणं म्हणजे गुलाल स्वतःच लेन्सच्या पोटात घालणं. वर प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड लावा, मग खुशाल फिरवा.

सांगलीचा_निकॉनवाला
आमच्या बाजूनं एक बोलतो. कुणी निकॉनचा पहिला डीएसएलआर घेत असेल तर स्वस्तात मिळते म्हणून ५० एमएम एफ/१.८डी घेऊ नका. डी३५००, डी५६०० या बॉडींत फोकस फिरवायची मोटर नाही, त्यामुळं ती लेन्स हातानंच फोकस करायला लागते. एएफ-एस, म्हणजे जी वाली घ्या. लहान सेन्सरवर तर ३५ एमएम एफ/१.८जी डीएक्स त्याहून सोयीची, खोलीतही चालते. कॅननवाल्यांना तसली स्वस्त ३५ नाही, म्हणून ते ५० वर रडत बसतात.

तांबडी_माती
रडतंय कोण हो! पण ३५ चं खरंय. कॅननला या भावात ३५ एफ/१.८ असती तर हा धागाच निघाला नसता.

मिररलेस_झिंदाबाद
सगळंच चुकतंय. आता काळ मिररलेसचा, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांचा. त्यांच्यासाठी कॅननचा आरएफ आणि निकॉनचा झेड माउंट (लेन्स बसवायचं तोंड) २०१८ मध्ये आले, आता दोघांचं लक्ष तिकडंच. डीएसएलआरच्या लेन्सांवर पैसा घालणं म्हणजे बंद पडणाऱ्या गिरणीत नोकरी धरणं. बॉडी विकून टाका.

राजारामपुरी_नववी_गल्ली
पंधरा हजारांत मिररलेस बॉडी आणि लेन्स कुठं मिळते ते सांग, सगळेच येतो. कॅननच्या १९८७ पासूनच्या ईएफ लेन्सा, म्हणजे डीएसएलआरला बसणाऱ्या, अडॅप्टरवर आरएफ बॉडीला ऑटोफोकससकट चालतात. आज घेतलेली ५० उद्या वाया जात नाही. आणि लोक मिररलेसकडं पळतायत म्हणूनच जुन्या ईएफ लेन्सा स्वस्तात बाहेर येतायत. नवशिक्याला याच्याइतका चांगला काळ कुठला?

वारणाकाठ
जुनी घेताना टॉर्च न्यायचा. कॅननची लेन्स बॉडीवरून काढली की तिचं तोंड आतनं पूर्ण उघडंच असतं. एका बाजूनं टॉर्च मारून दुसऱ्या बाजूनं तिरकं बघायचं, धागे असतील तर दिसतात. निकॉनच्या जुन्या लेन्सला मागं छोटी पट्टी असते, ती बोटानं सरकवून तोंड उघडायला लागतं, नाहीतर बारीक भोकातनं काहीच कळत नाही. विकणारा म्हणाला 'आतली धूळ हाय, काही होत नाही', तर धूळ वेगळी आणि जाळं वेगळं.

पन्हाळ्याची_वाट
जुनीच घ्यायची तर मग ५५-२५० पण जुनी घ्या आणि ५० पण. पंधरा हजारांत दोन्ही बसतील. भांडण मिटलं.

तांबडी_माती
मिटलं कुठं? दोन्ही घेतल्या की फ्लॅश राहतो. घरातल्या बारशाला, साखरपुड्याला मामाच्या भाच्याला बोलावणार हे ठरलेलं. छताकडं तोंड वळवता येणारा एक साधा फ्लॅश असला की किट लेन्सवर पण माणसांचे चेहरे माणसांसारखे येतात. पांढरं छत मिळालं तर बघायलाच नको.

राजारामपुरी_नववी_गल्ली
फ्लॅश घेताना कॅमेरा दुकानात न्या. कॅननच्या काही स्वस्त बॉडींच्या हॉट शूवर, म्हणजे वरच्या फ्लॅश लावायच्या खाचेत, मधली पिनच ठेवलेली नाही, ३०००डी आणि २००डी मार्क २ वर तर नाहीच. दुसऱ्या कंपनीचा साधा फ्लॅश अशा बॉडीवर उडत नाही. लावून, उडवून बघायचं, मगच पैसे मोजायचे.

गुळाची_ढेप
आणि १५००डी ची किट लेन्स कुणी विकायला सांगत असेल तर ऐकू नका. ती २५ सेंमीपर्यंत जवळ जाते, ५० एसटीएम ३५ सेंमीवर थांबते. कोल्हापुरी साजावरचं बारीक काम, चपलेची वेणी, मिसळीची तर्री, हे सगळं किट लेन्सनं ५० पेक्षा मोठं येतं. मी दागिन्यांचे फोटो अजून त्याच लेन्सनं काढते, खिडकीजवळ बसून.

तांबडी_माती
बरं. भाच्याला विचारलं. तो म्हणतो, मामा, मला दोन्ही पाहिजेत. तेव्हा एक करतोय. किट लेन्सच्या झूमवर चिकटपट्टी लावून ती ५० वर अडकवणार. आठवडाभर तेवढ्यावरच काढ म्हटलंय. पुढच्या आठवड्यात २४ वर. कुठं जीव गुदमरतोय ते त्याचं त्यालाच कळेल.

पन्हाळ्याची_वाट
त्यानं चौकट कळेल, उजेड नाही कळणार. तुझा मूळ मुद्दा उजेडाचाच होता की.

तांबडी_माती
उजेड तालमीतच कळतोय त्याला. परवाचे फोटो दाखवले त्यानं, सगळ्या पैलवानांना चार चार हात आहेत.

पन्हाळ्याची_वाट
मग ५५ वर पण एक आठवडा लाव, आणि दसरा चौकात उभं कर. आणि सेलोटेप लावू नको, चिकटा रबरावर राहतोय. रंगाऱ्याची कागदी टेप आण, पापाच्या तिकटीला मिळंल.