लातूरहून मे महिन्यात शनिवार-रविवार: केजीएफ की हट्टी?

प्रश्न (लातूर)
मे महिन्यात शुक्रवारी रात्री निघून सोमवारी सकाळी परत यायचंय. दोन मोठी माणसं, ११ वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखी असलेली आई. जुनी सोन्याची खाण बघायचीय. कोलारच्या केजीएफला (कोलार गोल्ड फील्ड्स) जावं का? की कर्नाटकात जवळ दुसरं काही आहे? खाणीत आत उतरू देतात का?

उत्तर (उदगीर)
एवढ्या वेळात केजीएफ नको. बंगळूरुच्या पुढे आणखी १०० किमी, त्यामुळे सगळी सुट्टी प्रवासात जाईल. शिवाय तिथली खाण २००१ मध्येच बंद झाली. बाहेरून शाफ्टचे (खाणीत उतरायच्या उभ्या विवरांचे) सांगाडे, इंग्रजी अमदानीतले बंगले आणि सायनाइड मातीचे (सोनं काढून उरलेल्या भुग्याचे) ढिगारे तेवढे दिसतात.

तुमच्यासाठी रायचूर जिल्ह्यातलं हट्टी. निजामाच्या राज्यात १९४७ मध्ये इथे सरकारी कंपनी निघाली आणि खाण आजही चालू आहे. चालू आहे म्हणूनच आत पर्यटकांना सोडत नाहीत. मुलाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर गेटवर हिरमोड होईल.

मुक्काम हट्टीजवळच्या लिंगसुगूरला. गाडीने उमरगा, आळंद, कलबुर्गी, जेवरगी, शहापूर, सुरपूर असं जा. तिंथणीला कृष्णा ओलांडली की लिंगसुगूर आलंच. अंतर साधारण ३०० किमी, मात्र ७-८ तास धरा. आईंसाठी कलबुर्गीला थांबा. पहाटे तीनला निघालात तर उन्हाच्या आत पोहोचाल.

उत्तर (परभणी)
हट्टीपेक्षा मस्की चुकवू नका. लिंगसुगूरच्या दक्षिणेला २५-३० किमी. १९१५ मध्ये सोनं शोधणाऱ्या बीडन नावाच्या खाण अभियंत्याला तिथे अशोकाचा शिलालेख सापडला. 'देवानंपियस असोकस' अशी सुरुवात. बहुतेक लेखांत राजाचं नुसतं 'देवानंपिय' (देवांचा लाडका) हे बिरुद येतं, इथे अशोकाचं नाव आहे. त्यामुळे 'देवानंपिय' म्हणजे अशोकच, हे पक्कं झालं. सोन्याच्या शोधात इतिहास हाती लागला तो असा! अक्षरं झिजलेली आहेत, तिरप्या उजेडात वाचायला बरी. सकाळी आठच्या आत पोहोचा. नऊनंतर खडक तापतो आणि टेकडीवर सावली अशी नाहीच. वाट खडकाळ आहे, आईंना काठी द्या किंवा खालीच थांबू द्या.

उत्तर (नांदेड)
गाडी नको असेल तर नांदेड-बंगळूरु एक्सप्रेस परभणी, परळी, लातूर रोड, उदगीर, बिदर करत रायचूरला जाते. परतीचं आरक्षण आधी करा, सुट्टीत तेच अडतं. रायचूरला भाड्याची गाडी घ्या. तिथल्या किल्ल्यात १२९४ चा लेख कोरलेली जवळपास ४१ फुटी शिळा आहे, ती गाड्यावर ओढून आणतानाचं चित्रही कोरलेलं आहे. मुलाला ते नक्की दाखवा.

आणि एक, मनापासून: हट्टीच्या टेलिंगच्या ढिगाऱ्यांवर पोराला खेळू देऊ नका. दगड दळून सायनाइडने सोनं वेगळं केलं की उरतो तो हा भुगा. त्यात आर्सेनिकही असू शकतं, आणि मेच्या वाऱ्यात तो नाकातोंडात जातो. लांबून बघा, तिथलं साठलेलं पाणी हातालाही लावू नका, 'सोन्याचा दगड' म्हणून काही उचलून आणू नका.

उत्तर (उदगीर)
दुपारी अकरा ते चार खोलीतच थांबा, ऊन ४० च्या वर जातं. माणशी ४-५ लिटर पाणी सोबत. संध्याकाळी मुदगलचा किल्ला करा, लिंगसुगूरहून २० किमीच्या आत आहे. खंदक आणि दरवाजा सपाटीवरच असल्याने आईंनाही जमेल.