डेबियन 12: आवाज येत नाही, ध्वनी-सेटिंगमध्ये केवळ ‘डमी आऊटपुट’ दिसते

निळीशाई (प्रश्न)

नमस्कार. जुन्या डेस्कटॉप संगणकातील एनव्हीएमई डिस्क काढून मी ती एका नव्या लॅपटॉपमध्ये बसवली आहे. डिस्कवर डेबियन 12 ही लिनक्स कार्यप्रणाली आहे, ते डेबियन 11 वरून अद्ययावत केलेले आहे आणि डेस्कटॉप म्हणून मी जीनोम वापरतो. नव्या लॅपटॉपवर यंत्रणा काहीही न बदलता सुरू झाली. पडदा, कळफलक, टचपॅड सर्व व्यवस्थित चालते, परंतु आवाज अजिबात येत नाही. सेटिंगमधील ध्वनी-विभागात आऊटपुट म्हणून ‘डमी आऊटपुट’ एवढीच एक नोंद दिसते. हेडफोन जोडून पाहिला, तरी त्या नोंदीत फरक पडत नाही. लॅपटॉपचे स्पीकर सुस्थितीत आहेत, कारण त्यावर आधी असलेल्या दुसऱ्या कार्यप्रणालीत आवाज येत होता.

शोध घेताना पल्सऑडिओ काढून पुन्हा बसवावे, पाइपवायर पूर्ण काढून टाकावे, कर्नल बदलावे असे परस्परविरोधी सल्ले वाचले. हाच लॅपटॉप रोजच्या कामाचा असल्याने काही मोडण्याआधी विचारावे असे वाटले. वायफायदेखील अद्याप दिसत नाही. इंटरनेट सध्या केबलने चालू आहे, म्हणून ती अडचण मी स्वतंत्रपणे नंतर पाहणार आहे.

तळटीप

आपण अजून काहीही काढून टाकलेले नाही, हे फार चांगले झाले. आवाज नसण्याच्या तक्रारीत बहुतेकांचा वेळ जातो तो चुकीच्या थरावर काम करण्यात, त्यामुळे बिघाड कोणत्या थरात आहे हे आधी ठरवू या.

लिनक्समध्ये सर्वांत खाली कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, असतो आणि त्यातील अल्सा हा भाग प्रत्यक्ष साउंड कार्डशी बोलतो. त्याच्या वर ध्वनी-सर्व्हर असतो. पूर्वी हे काम पल्सऑडिओ करत असे. डेबियन 12 च्या जीनोममध्ये ते पाइपवायर करते आणि कोणता आवाज कोणत्या उपकरणाकडे पाठवायचा याचा निर्णय वायरप्लंबर घेतो. ब्राउझर किंवा व्हिडिओ प्लेअर या दोघांच्याही वर बसतात आणि त्यांचा कार्डाशी थेट संबंध येत नाही. ‘डमी आऊटपुट’ ही नोंद ध्वनी-सर्व्हर स्वतः तयार करतो, आणि ती तेव्हाच करतो जेव्हा त्याला खालून एकही वापरण्याजोगे खरे उपकरण मिळालेले नसते. म्हणजे आपला सर्व्हर जिवंत आहे आणि त्याच्या परीने योग्य वागतो आहे. म्हणूनच पाइपवायर पुन्हा बसवल्याने काही साध्य होईल असे मला वाटत नाही. उलट, जीनोमची काही पॅकेजे त्यावर अवलंबून असल्यामुळे ते काढताना डेस्कटॉपचाच काही भाग निघून जाण्याची शक्यता आहे.

कृपया टर्मिनलमध्ये तीन गोष्टी पाहून येथे लिहाव्यात. पहिली, ‘एप्ले -एल’ ही कमांड, ज्यात शेवटचे अक्षर छोटे एल आहे. कर्नलने कोणती कार्डे तयार केली ते ती सांगते. दुसरी, ‘एलएसपीसीआय -के’ या कमांडच्या उत्तरातील ऑडिओ कंट्रोलरची नोंद आणि त्याखालची ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ. तिसरी, कर्नलच्या संदेशांमधील ध्वनीशी संबंधित ओळी. त्यासाठी ‘सुडो डीमेसेज’ चालवून त्यात ‘सॉफ’, ‘ऑडिओ’ आणि ‘फर्मवेअर’ हे शब्द शोधावेत.

वायफायची अडचण मात्र कृपया वेगळी ठेवू नये. आवाज आणि वायफाय दोन्ही एकाच यंत्रावर, एकाच वेळी बंद आहेत, हा मला महत्त्वाचा दुवा वाटतो.

वाटसरू

त्यासोबत ‘अल्सामिक्सर’ उघडून पाहण्यास हरकत नाही. एफ6 दाबून खरे कार्ड निवडावे, आणि मास्टर किंवा स्पीकरच्या पट्टीखाली ‘एमएम’ दिसत असेल तर ती पट्टी निवडून एम ही कळ दाबावी. ‘एमएम’ म्हणजे आवाज बंद आणि ‘00’ म्हणजे चालू. काही यंत्रांवर ‘ऑटो-म्यूट मोड’ चालू राहिल्याने हेडफोन काढल्यानंतरही स्पीकर बंदच राहतात, तेही तेथेच दिसेल.

निळीशाई

दोघांचेही आभार. ‘एप्ले -एल’ला उत्तर मिळते की एकही साउंड कार्ड सापडले नाही. ‘अल्सामिक्सर’ उघडतच नाही. मिक्सर उघडता येत नाही, अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही, असा संदेश देऊन ते थांबते.

‘एलएसपीसीआय -के’मध्ये इंटेलच्या टायगर लेक पिढीचा ‘स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी’ ऑडिओ कंट्रोलर दिसतो आणि ड्रायव्हरच्या ओळीत ‘सॉफ-ऑडिओ-पीसीआय-इंटेल-टीजीएल’ असे आहे. ड्रायव्हर वापरात आहे असे स्पष्ट लिहिलेले असताना कार्ड का नाही, हे मला उमगत नाही.

कर्नलच्या संदेशांत ‘इंटेल/सॉफ/सॉफ-टीजीएल.आरआय’ ही फाइल लोड करता आली नाही आणि त्रुटी उणे 2 आली, अशी ओळ आहे. थोडे पुढे ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ या इंटेल वायफायच्या ड्रायव्हरच्या नावाने योग्य फर्मवेअर सापडले नाही असेही लिहिले आहे.

तळटीप

मग कारण सापडले, आणि दोन्ही तक्रारींचे कारण एकच आहे.

त्रुटी उणे 2 याचा अर्थ मागितलेली फाइल डिस्कवर अस्तित्वातच नाही. फाइल खराब असती किंवा यंत्राने ती नाकारली असती, तर आकडा निराळा दिसला असता. ड्रायव्हरच्या ओळीबद्दलची आपली शंका रास्त आहे. ती ओळ एवढेच सांगते की कर्नलने हे उपकरण ओळखून त्यासाठी ड्रायव्हर नेमला. या पिढीच्या लॅपटॉपमध्ये कंट्रोलरच्या आत ध्वनीसाठी स्वतंत्र लहान प्रोसेसर असतो, त्यालाच डीएसपी म्हणतात, आणि प्रत्येक वेळी यंत्र सुरू होताना ‘सॉफ’ (साउंड ओपन फर्मवेअर) या ड्रायव्हरला त्यात फर्मवेअर, म्हणजे त्या प्रोसेसरवर चालणारा प्रोग्राम, भरावे लागते. ते भरले गेले की मगच कार्ड तयार होते. आपल्याकडे काम त्या टप्प्यावर अडले आहे, म्हणून ड्रायव्हर दिसतो पण कार्ड दिसत नाही.

जुन्या डेस्कटॉपवर हे कधी जाणवले नाही, कारण तेथील कार्ड बहुधा साध्या ‘एचडीए’ (हाय डेफिनिशन ऑडिओ) पद्धतीचे असावे, आणि त्याचा ‘एसएनडी-एचडीए-इंटेल’ हा ड्रायव्हर असे फर्मवेअर मागत नाही. डिस्क नव्या यंत्रात आली, कर्नलने नवे उपकरण बरोबर ओळखले, पण त्याला लागणारी फाइल जुन्या यंत्राला कधी लागलीच नव्हती, म्हणून ती बसवलेलीही नव्हती. वायफाय चिपचेही तसेच.

आता उपाय. डेबियन 11 मध्ये ही फर्मवेअर पॅकेजे ‘नॉन-फ्री’ विभागात होती. डेबियन 12 पासून, म्हणजे 2023 पासून, त्यांच्यासाठी ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ असा वेगळा विभाग करण्यात आला. नव्याने डेबियन 12 बसवणाऱ्यांसाठी इन्स्टॉलर हा विभाग सहसा स्वतःच जोडतो, परंतु 11 वरून अद्ययावत केलेल्या यंत्रणेत तो ‘सोर्सेस.लिस्ट’मध्ये, म्हणजे पॅकेजे कोठून घ्यायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, हाताने लिहावा लागतो. आपल्या फाइलमध्ये ‘डेब’ने सुरू होणाऱ्या ओळींच्या शेवटी तो शब्द आहे का पाहावे, नसल्यास मुख्य, सुरक्षा आणि अपडेट या तिन्ही ओळींत जोडावा. त्यानंतर ‘सुडो एपीटी अपडेट’ करून ‘फर्मवेअर-सॉफ-साइन्ड’ आणि ‘फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय’ ही दोन पॅकेजे बसवावीत. ‘अल्सा-यूसीएम-कॉन्फ’ हे पॅकेजही आहे ना, याची खात्री करावी, कारण स्पीकर, हेडफोन आणि मायक्रोफोन यांची वेगवेगळी ओळख ध्वनी-सर्व्हरला त्यातूनच मिळते. ज्यांनी शिफारस केलेली पॅकेजे बसवणे बंद ठेवलेले असते, त्यांच्याकडे ते नसू शकते.

शेवटी लॅपटॉप पूर्ण रीस्टार्ट करावा. ध्वनी-सर्व्हर तेवढा पुन्हा सुरू करणे येथे पुरणार नाही, कारण अडचण त्याच्या खालच्या थरात आहे.

वाटसरू

आणखी एक मार्ग सुचवतो. ‘एसएनडी-इंटेल-डीएसपीसीएफजी’ या मॉड्यूलला ‘डीएसपी-ड्रायव्हर’चे मूल्य 1 दिले की कर्नल जुना एचडीए ड्रायव्हर वापरतो आणि फर्मवेअरची गरजच राहत नाही. ‘मॉडप्रोब.डी’ या मॉड्यूलच्या सेटिंगच्या फोल्डरमध्ये एक ओळ लिहिली की काम होते.

तळटीप

ही ओळ पुष्कळ ठिकाणी सुचवली जाते आणि तिने स्पीकर चालू होतात, हे खरे आहे. तरीही या यंत्रावर ती वापरू नये असे मी आग्रहाने सांगेन. कर्नलने येथे सॉफ ड्रायव्हर निवडला, त्यामागे कारण आहे. लॅपटॉपच्या पडद्याशेजारी असलेले डिजिटल मायक्रोफोन सहसा थेट डीएसपीला जोडलेले असतात. असे मायक्रोफोन आहेत अशी नोंद यंत्राच्या स्वतःच्या (बायोसच्या) फर्मवेअरमध्ये सापडली, की कर्नल या पिढीत सॉफकडे वळतो. मूल्य 1 देऊन त्याला जुन्या ड्रायव्हरवर नेले तर आवाज ऐकू येईल, पण अंगभूत मायक्रोफोन दिसेनासा होईल. ही उणीव तेव्हा लक्षात येत नाही, व्हिडिओ बैठकीच्या वेळी येते, आणि तोपर्यंत ‘मॉडप्रोब.डी’मध्ये लिहिलेली ती ओळ कोणाच्याच ध्यानात राहिलेली नसते. तात्पुरती चाचणी म्हणून तिचा उपयोग आहे, कारण तिच्यामुळे खालचे हार्डवेअर ठीक आहे एवढे सिद्ध होते. कायमचा उपाय मात्र फर्मवेअर बसवणे हाच.

सूत्रधार

याच संदर्भात माझी थोडी निराळी अडचण मांडतो. मी फेडोरा ही दुसरी लिनक्स प्रणाली वापरतो. ‘एप्ले -एल’मध्ये दोन कार्डे दिसतात, डमी आऊटपुट वगैरे काही नाही, आवाजाची पट्टीही हलताना दिसते, पण ऐकू काहीच येत नाही. एचडीएमआयने बाहेरचा मॉनिटर जोडल्यापासून हे सुरू झाले आहे आणि त्या मॉनिटरला स्पीकर नाहीत.

तळटीप

आपल्याकडे खालचा थर निरोगी आहे; आवाज स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे जात आहे. ‘डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस’ चालवल्यास ‘सिंक्स’ या शीर्षकाखाली उपलब्ध आऊटपुट दिसतात आणि चालू असलेल्या आऊटपुटपुढे तारांकन असते. आपल्या स्पीकरच्या ओळीतील क्रमांक घेऊन ‘डब्ल्यूपीसीटीएल सेट-डिफॉल्ट’ आणि तो क्रमांक अशी कमांड द्यावी. रीस्टार्टनंतर क्रमांक बदलू शकतो, पण वायरप्लंबर निवड उपकरणाच्या नावाने लक्षात ठेवतो, त्यामुळे ती पुन्हा करावी लागू नये. स्पीकर त्या यादीतच नसतील, तर ‘पाव्हुकंट्रोल’ उघडून ‘कॉन्फिगरेशन’ या टॅबमध्ये अंगभूत कार्डाचे प्रोफाइल ‘ऑफ’ झाले आहे का ते पाहावे.

जुन्या लेखांत यासाठी ‘एसाउंडआरसी’ फाइल लिहायला सांगितलेले आढळेल. फेडोरा 34 पासून, म्हणजे 2021 पासून, तेथे पाइपवायर आहे आणि आऊटपुटची निवड त्याच्याच थरात करणे योग्य. अल्साच्या पातळीवर दुसरी निवड लिहून ठेवली, तर काही प्रोग्राम एकीकडे आणि काही दुसरीकडे आवाज पाठवू लागतात, आणि मग शोध अधिकच अवघड होतो.

निळीशाई

‘सोर्सेस.लिस्ट’मध्ये तो विभाग खरोखरच नव्हता. तो जोडून पॅकेजे बसवली, लॅपटॉप रीस्टार्ट केला, आणि आता ‘एप्ले -एल’मध्ये ‘सॉफ-एचडीए-डीएसपी’ नावाचे कार्ड दिसते. स्पीकर-टेस्टमध्ये डावा आणि उजवा स्पीकर आपापल्या जागी वाजतात. मायक्रोफोनही दिसतो आणि त्यावर ध्वनिमुद्रण करून पाहिले. वायफायही त्याच रीस्टार्टनंतर सुरू झाले. मनापासून आभार.

एक बारीक गोष्ट उरली आहे. काही वेळ शांतता राहिली की पुढच्या आवाजाची सुरुवात कापली जाते. सूचनेचा छोटा नाद तर कित्येकदा ऐकूच येत नाही. याला काही इलाज आहे का?

तळटीप

आहे. कोणताही आवाज चालू नसेल, तर वायरप्लंबर साधारण 5 सेकंदांनी आऊटपुट निलंबित करतो आणि त्यामुळे कार्ड वीज वाचवण्यासाठी झोपेत जाऊ शकते. पुढचा आवाज आला की ते जागे होते, पण त्या क्षणभरात सुरुवातीचा भाग निसटतो.

डेबियन 12 मध्ये वायरप्लंबरची 0.4 ही मालिका आहे आणि तिच्या सेटिंग फाइली लुआ भाषेत असतात. ‘यूएसआर/शेअर/वायरप्लंबर/मेन.लुआ.डी’मधील ‘50-अल्सा-कॉन्फिग.लुआ’ ही फाइल आपल्या होम फोल्डरमधील ‘.कॉन्फिग/वायरप्लंबर/मेन.लुआ.डी’ येथे कॉपी करावी. मूळ फाइल बदलू नये, कारण पॅकेज अद्ययावत झाल्यावर तो बदल नाहीसा होईल. कॉपीमध्ये ‘सेशन.सस्पेंड-टाइमआऊट-सेकंड्स’ ही ओळ टिप्पणी म्हणून, म्हणजे सुरुवातीला दोन उण्यांसह, लिहिलेली दिसेल. ते दोन उणे काढून 5 च्या जागी 0 लिहावे. मग ‘सिस्टमसीटीएल --यूजर रीस्टार्ट वायरप्लंबर’ चालवावे, आणि ते ‘सुडो’शिवाय, कारण ही सेवा आपल्या वापरकर्ता-खात्यात चालते. ज्यांच्याकडे 0.5 किंवा त्यापुढची आवृत्ती आहे त्यांना या लुआ फाइलचा उपयोग होणार नाही; तेथे सेटिंग लिहिण्याची पद्धत बदललेली आहे.

0 लिहिल्यावर आऊटपुट कधीच निलंबित होत नाही, म्हणजे बॅटरी थोडी अधिक खर्च होते. लॅपटॉप बराच काळ बॅटरीवर चालवत असाल तर 0 ऐवजी 300 लिहून पाहावे. मग कामाच्या ओघातील सूचना पूर्ण ऐकू येतील आणि दीर्घ शांततेत कार्डही झोपू शकेल.