मूकपटातले सोवळे खलनायक

जुनी_रीळ: अमेरिकन मूकपटांतला मेलोड्रामा म्हणजे मिशा पिळणारा दुष्ट, रडणारी अबला आणि शेवटी प्रवचन, असं काल कुणीतरी इथे ठोकून दिलंय. 'ट्रॅफिक इन सोल्स' (१९१३) पाहिलाय का हो? त्यातला ट्रूबस नीतिसुधारणा संघाचा अध्यक्ष. मुलींना फसवून कुंटणखान्यात नेणाऱ्या टोळीचा हिशेब खालच्या मजल्यावर चालतो, आणि हे महाशय वर बसून डिक्टोग्राफवर (दूरच्या खोलीतलं बोलणं चोरून ऐकायचं यंत्र) ऐकतात. मिशा कुठे पिळल्या त्याने?

तिकीटबारी: कौतुक पुरे. तो काढणाऱ्या युनिव्हर्सल स्टुडिओने पैसा ओढला तो कुंटणखाना दाखवूनच ना? पाप बघायला बोलवायचं आणि वर समाजजागृतीची पाटी. खरा ट्रूबस स्टुडिओच्या ऑफिसात बसला होता.

आरसेवाली: दिग्दर्शिका लोइस वेबरचं नाव कुणी घेणार की नाही? 'हिपोक्रिट्स'मध्ये (१९१५) 'सत्य' म्हणून नग्न स्त्री उभी करून, तिच्या हाती आरसा देऊन बाईंनी राजकारण्यांपासून घरांपर्यंत सगळ्यांचे मुखवटे दाखवले. गहजब झाला तो नग्नतेवर! त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सिनेमा हा निव्वळ धंदा ठरवून त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्य नाकारलं. ते थेट १९५२ पर्यंत.

तिकीटबारी: म्हणजे न्यायालय माझ्याच बाजूने. आभारी आहे.

हिमखंड: दिग्दर्शक ग्रिफिथशिवाय ही चर्चा? 'इन्टॉलरन्स'मध्ये (१९१६) बहिणीच्या धर्मादायासाठी गिरणीमालक मजुरांचे पगार कापतो, आणि मग त्या सुधारक बायका गरीब आईचं तान्हं उचलून नेतात.

जुनी_रीळ: वर्षभर आधी 'बर्थ ऑफ अ नेशन'मध्ये कू क्लक्स क्लॅनला, म्हणजे कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेला, नायक करणाऱ्याकडून सहिष्णुतेचे धडे? वा!

हिमखंड: आलंच! ग्रिफिथ म्हटलं की हेच. व्यक्ती वेगळी, कलाकृती वेगळी.

जुनी_रीळ: कसली वेगळी? क्लॅन कलाकृतीतच आहे. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने निषेध केला, तर या गृहस्थाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने गळा काढून पत्रक छापलं. ढोंगावरच बोलतोय ना आपण?

हिमखंड: पत्रकं तुम्ही वाचा. मी 'वे डाउन ईस्ट' (१९२०) बघतो. ॲनाला खोट्या लग्नाने फसवणारा सँडरसन, ती कामाला असते त्याच घरी जेवणाच्या टेबलावर पाहुणा, आणि भर वादळात घराबाहेर ती! आमच्या नात्यातली एक मुलगी अशीच घराबाहेर काढली गेली. ज्याच्यामुळे गेली तो पुढे त्याच घरच्या लग्नात मिरवत होता. मला नका शिकवू प्रवचन कशाला म्हणतात ते.

तिकीटबारी: वाईट वाटलं वाचून, खरंच. पण लोक गेले ते नायिका बर्फावरून वाहत जाते ते बघायला.

हिमखंड: लोक कशाला गेले ते तुम्हाला काय माहीत? शेजारच्या खुर्चीत होतात?

जुनी_रीळ: बरं, ते टेबल दिलं तुम्हाला. क्लॅन देणार नाही.

हिमखंड: मागितलाय कुणी?

आरसेवाली: सगळे प्रतिसाद ग्रिफिथवर. वेबरबाईंवर एकच, तोही माझाच. चालू द्या.